यजमान गावाचा हिशेब

समाजकार्याची पदवी घेऊन तुम्ही ज्या व्यवसायात येत आहात, त्याच्याविषयी माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती आज मांडल्याशिवाय राहवत नाही. आपण संकटग्रस्तांची गणती करतो, पण त्यांना आसरा देणाऱ्यांची करत नाही. जगातले सुमारे दोन तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात राहतात आणि तो शेजारी बहुधा स्वतःच गरीब असतो. तिथले लोकमत फिरले की आपले अहवाल ‘असहिष्णुता वाढली’ एवढे लिहून मोकळे होतात. हे निदान चुकीचे आहे.

बांगलादेशाकडे पाहा. 25 ऑगस्ट 2017 ला सुरू झालेल्या लष्करी कारवाईनंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. मदतसंस्थांचे ट्रक पोहोचण्याआधी जिल्ह्यातल्याच उखिया आणि टेकनाफच्या सामान्य गावकऱ्यांनी त्यांना जेवू घातले, अंगणात जागा दिली. दोन वर्षांनी त्याच भागात लोक त्यांच्याविरुद्ध रस्ता अडवत होते. धर्म एकच होता आणि चितगावची बोली व रोहिंग्यांची बोली एकमेकांना बऱ्याच अंशी कळणाऱ्या, तेव्हा संस्कृतीच्या संघर्षाचे कारण इथे टिकत नाही. खरे कारण पोटाशी निगडित आहे. निर्वासितांना काम करण्याची रीतसर परवानगी नाही, म्हणून ते लपूनछपून, मिळेल त्या पैशांत राबतात आणि स्थानिक रोजंदारीवाल्याची मजुरी पडते. घरभाडी चढली. छावण्यांसाठी आणि सरपणासाठी हजारो एकर जंगल गेले. गॅस सिलिंडर वाटायला 2018 उजाडले. गावातले शिक्षक आणि कॉलेजची मुले शाळा-कॉलेज सोडून संस्थांच्या नोकऱ्यांत गेली, आणि याची जबाबदारी थेट आपल्या व्यवसायावर येते. दुकानदार आणि घरमालक यांचे चांगले चालले, हेही खरे. पण ज्याला झळ बसली तो निराळा होता, आणि त्याला कोणी विचारले नाही.

याच्याशेजारी 1971 ठेवून पाहा. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, भारतात सुमारे एक कोटी माणसे आली. त्रिपुरात तर त्यांची संख्या तिथल्या मूळ लोकसंख्येच्या जवळ पोहोचली होती. त्या नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी देशभरच्या टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लागले. रत्नागिरीतल्या माणसानेही तो भार थोडासा उचलला. सीमेवरच्या जिल्ह्यांचे हाल त्या तिकिटाने संपले नाहीत, पण हा खर्च सगळ्या देशाचा आहे हे सरकारने उघडपणे मान्य केले होते.

रोहिंग्यांना रीतसर काम करू द्यावे, असे म्हटले की दोन आक्षेप येतात. पहिला गुन्हेगारीचा. छावण्यांत सशस्त्र टोळ्या आहेत, खून होतात, ते नाकारून चालणार नाही. त्याचे पहिले बळी मात्र रोहिंग्याच असतात. टेकनाफमार्गे येणाऱ्या याबा या नशेच्या गोळ्यांचा धंदा तर 2017 च्या आधीपासून चालू होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कामाची परवानगी दिली तर ते कायमचे राहतील. पण परवानगी पाहून ते येत नाहीत आणि जातही नाहीत. 1978 आणि 1991-92 मध्येही रोहिंग्या असेच आले होते. 2018 आणि 2019 मध्ये परत पाठवण्याचे दिवस ठरले, तेव्हा कोणीही गेले नाही. नागरिकत्व नाकारणारा म्यानमारचा 1982 चा कायदा जागेवर असताना जाणार कुठे? परवानगी नाकारल्याने ते परतत नाहीत, फक्त त्यांचे श्रम स्वस्त होतात आणि त्याची किंमत शेजारचा मजूर मोजतो. कोलंबियाने फेब्रुवारी 2021 मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचा परवाना जाहीर केला. तेवढ्याने तिथले लोकमत निवळले नाही, हे मान्य करायला हवे. पण नोंद असलेल्या कामगाराला किमान वेतन मागता येते, आणि स्थानिकाची मजुरी पाडण्यासाठी त्याला वापरणे अवघड होते. लोकांची मने उपदेशाने वळवण्याआधी एवढे तरी करता येते.

म्हणून माझी एकच कळकळीची विनंती आहे. उद्या तुम्ही कुठल्याही छावणीत सर्वेक्षणाचा तक्ता तयार कराल, तेव्हा कुंपणाबाहेरच्या मजुराची रोजची मजुरी, त्याचे भाडे आणि त्याच्या मुलांची शाळा यांचे रकाने पहिल्याच दिवशी घाला, आणि ते दर महिन्याला भरा.