मुक्काम ठरविण्यापूर्वी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



उत्सवाच्या व्यासपीठावरून लॉजच्या खोल्यांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाहून वारंवार येणारी विचारणा हीच असते : "रायपूरला येत आहोत, स्वस्त आणि बरी जागा कोठे मिळेल?" विचारणारा पुष्कळदा सहलीला नव्हे, तर रुग्णाला घेऊन येत असतो. गोंदिया-भंडाऱ्याकडून निघालेल्या अशा कुटुंबाजवळ पैसा मोजका असतो आणि मन थाऱ्यावर नसते. त्याला दिलेले उत्तर म्हणूनच जोखमीचे आहे.

पहिली काळजी नावाची घ्यावी. या शहरात तेलीबांधा आहे आणि टाटीबंधही आहे. दोन्ही जी. ई. रोडवरच, पण पहिले पूर्वेस, दुसरे पश्चिमेस आणि मध्ये सारे शहर. 2012 साली सुरू झालेले एम्स टाटीबंधला आहे. मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय मात्र नवा रायपूरला आहे आणि तिकडे जाणाऱ्यास तेलीबांधा सोयीचे. ऐकण्यात नावांची गल्लत झाली, तर आजारी माणसाला घेऊन रोज शहर ओलांडावे लागते आणि खोलीभाड्यात वाचलेला पैसा रिक्षाभाड्यात जातो.

नाव पक्के झाले की जागा पाहावी. इंग्रजी अमदानीत 1867 साली सराय कायदा झाला. खोल्या व गटारे स्वच्छ राखणे, भिंती-छपरांची दुरुस्ती करणे, पहारेकरी ठेवणे आणि दरपत्रक लावणे ही सरायवाल्याची कर्तव्ये त्यात सांगितली होती. दीडशे वर्षांनंतरही कसोट्या त्याच आहेत. मोबाईलवरील छायाचित्रात पलंगावरची चादर दिसते. न्हाणीघरातील नळाची धार, जिन्याच्या पायऱ्या आणि खिडकीखालचा रस्ता दिसत नाही. म्हणून नमुन्याची खोली न पाहता जी मिळणार तीच उघडावयास सांगावी. गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, लिफ्ट चालते काय, वृद्धांस बसता येईल असे शौचकूप आहे काय, रात्री उशिरा परतल्यास दार कोण उघडतो, हे विचारावे. दिवस चोवीस तासांचा धरतात की दुपारी बारा वाजता संपवितात, हे आधी न विचारल्यास शेवटच्या दिवशी वाद होतो.

जागेइतकाच शेजार महत्त्वाचा, आणि तो दिवे लागल्यानंतर पाहावा. तेलीबांध्याच्या तलावाकाठचा रस्ता लोकांनी 'मरीन ड्राइव्ह' म्हणून नावाजला आहे. संध्याकाळी तेथे रमणीय वाटते, पण गर्दीही तेवढीच असते. व्हीआयपी रोडच्या बाजूस लग्नसमारंभाची उद्याने आहेत. लग्नसराईत तेथील वाद्ये रुग्णाची झोप मोडू शकतात. उलट, हाकेच्या अंतरावर औषधांचे दुकान, मऊ वरणभात करून देणारी खानावळ आणि उजेडाची गल्ली असेल, तर साधी खोलीही पुरते. सोबतच्या बाईमाणसाला रात्री औषध आणण्यासाठी एकटीने जाता येईल काय, हा प्रश्न आम्ही शेवटी सांगतो. परंतु निर्णय त्यावरच करावा.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. तेवढे सामर्थ्य आपल्या मंडळाजवळ नसेल. पाहून येण्याचे सामर्थ्य मात्र प्रत्येक सभासदाजवळ आहे. मंडळाने एक वही ठेवावी. जो सभासद जागा पाहील, त्याने तारीख, भाडे, गुण आणि दोष स्वतःच्या सहीने त्यात लिहावेत. वर्षाने दुसऱ्याने पुन्हा पाहावे. आणि न पाहिलेल्या जागेची शिफारस कोणी करू नये. गावाकडचा माणूस आपल्या शब्दावर रात्रीच्या गाडीने निघतो. पहाटे स्थानकावर उतरल्यावर त्याच्यापाशी त्या शब्दावाचून दुसरे काही नसते.