पूल म्हातारा होतो तेव्हा

(पिंपळनेर येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण पुलाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पूल बांधणे हे साहेब लोकांचे काम. आम्हांला त्याचे काय?" जरा ऐका, मग सांगा.

आपले पिंपळनेर पांझरेच्या काठी आहे. इथून साक्रीला जा, शेलबारी घाटाने सटाण्याला जा, नाहीतर चरणमाळ घाटाने नवापूरला जा. वाटेत नदीनाले येणारच. कांदा बाजारात न्यायचा, मुलीला कॉलेजात पाठवायचे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, सगळे पुलावरूनच. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो. तेव्हा पुलाची आठवण कोणाला होत नाही. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत होते.

पांझरा एरवी गरीब दिसते. पण १८७२ साली तिला मोठा पूर आला, तेव्हा धुळ्यात घरादारांचे फार नुकसान झाले होते. नदी आपली जुनी वाट विसरत नाही.

आमची एक चूक सांगतो. आम्ही एका खेड्यात शाळेवर होतो. नाल्यापलीकडची दहा-बारा मुले फरशीवरून शाळेत येत. एके दिवशी दुपारी एक गुराखी धावत आला. म्हणाला, "गुरुजी, पानी चढी ऱ्हायनं!" आम्ही वर पाहिले, तर लख्ख ऊन. आम्ही म्हणालो, "अरे, पाऊस आहे कुठे?" आणि वेळेवर शाळा सोडली. पाऊस डोंगरात पडला होता. मुले फरशीवर गेली आणि पाण्याचा लोंढा आला. एका मुलाचे पाय सुटले. त्याच गुराख्याने त्याला दप्तरासकट ओढून काढले. पोरगा वाचला. पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. शिकलेले आम्ही होतो, पण नाला वाचता आला तो त्या गुराख्याला.

आता पूल म्हातारा कसा होतो ते पाहू. जुने पूल बांधले तेव्हा त्यांवरून बैलगाड्या आणि थोड्या मोटारी जात. भरलेली बैलगाडी म्हणजे जेमतेम दहा क्विंटल ओझे. आजचा दहा चाकी ट्रक मालासकट दोनशे ऐंशी क्विंटलच्या घरात जातो. असे ट्रक दिवसरात्र जातात. पूल तोच, ओझे मात्र कितीतरी पट वाढले.

दुसरे कारण पाण्याचे. पुराचे पाणी खांबाला अडते, गरगर फिरते आणि खांबाच्या पायाजवळची वाळू उकरते. वरून पूल धडधाकट दिसतो, पण खाली पाया उघडा पडलेला असतो. त्यात आपण पुलाजवळची वाळू उपसली, तर नदीचे काम आपणच सोपे करतो.

तिसरे कारण गंजाचे. काँक्रीटला भेग पडली की पाणी आत शिरते. आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पडतात. दगडी पुलाच्या सांध्यांत झाडे उगवतात. पिंपळ आपल्या गावाच्या नावात शोभतो, पुलाच्या भेगेत नाही. त्याची मुळे दगड फोडतात.

याचा परिणाम काय होतो, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर होता. नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा, म्हणजे ८८ वर्षांचा होता. त्या रात्री तो कोसळला. काळोखात गाड्या हाकणाऱ्यांना पुढे रस्ताच नाही हे कळले नाही. एस.टी.च्या दोन गाड्या आणि आणखी वाहन माणसांसह नदीत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नाही असे सांगितले गेले होते. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला पूल पडल्याचे कळले. त्याने येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्यामुळे कितीतरी जीव वाचले.

तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये तो सुरू झाला. म्हणजे मनावर घेतले तर काम लवकर होते. मग ते माणसे गेल्यावरच का व्हावे?

आपल्या खानदेशात फडाची रीत जुनी आहे. पांझरेवर बंधारे घालायचे, पाटाचे पाणी फडाला द्यायचे. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाटकरी रोज पाटावर नजर ठेवी. बंधारा फुटल्यावर धावायचे, असे आपले वाडवडील म्हणत नव्हते. पुलाचेही तसेच आहे.

तर आपण काय करावे?

पावसाळ्याआधी आणि पूर ओसरल्यावर पुलाकडे नीट पाहावे. कठडा तुटला आहे का? नवी भेग दिसते का? खांबाखाली खड्डा पडला आहे का? पूल एका अंगाला खचला आहे का? दिसले की ग्रामपंचायतीत सांगावे आणि अर्ज लिहावा. पूल कोठे आहे, काय दिसले, कोणत्या दिवशी दिसले, एवढे लिहिले तरी पुरे. खाली सही करावी. अर्जाची पोहोच जरूर घ्यावी. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये भरून आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारता येते.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. गुडघाभर ओढीच्या पाण्यातही माणसाचे पाय सुटतात. तास-दोन तास उशीर झाला तर चालेल.

जुना पूल पाडून नवा बांधतात, रस्ता रुंद करतात, तेव्हा त्रास होतो. वळणरस्त्याने जावे लागते, धूळ उडते. तो त्रास सोसावा. पण डोळे मिटून सोसू नये. कामाच्या जागी फलक असतो. काम कोणते, खर्च किती, मुदत केव्हाची, ते त्यावर वाचावे. रस्त्यासाठी कोणाची जमीन जात असेल तर नोटीस येते. ती स्वतः वाचावी. गट नंबर, क्षेत्र, मोबदला आणि हरकत घेण्याची मुदत पाहिल्याशिवाय सही करू नये. आता अंगठा उठवण्याचे दिवस गेले.

त्या दिवशी गुराख्याला नाला वाचता येत होता, पण अर्ज लिहिता येत नव्हता. आम्हांला लिहिता येत होते, पण आम्ही त्याचे ऐकले नाही. तुमच्याजवळ आता दोन्ही आहे. नदी तुम्ही लहानपणापासून वाचता आणि अक्षर आता शिकलात.

उद्या वर्गाला येताना वाटेतला पूल खालून-वरून पाहून या. जे दिसेल ते चार ओळींत लिहून आणा. तो तुमचा पहिला अर्ज होईल.