दूताची भाषा
(जूचंद्र येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

मराठेशाहीत परदरबारी राहून आपल्या धन्याचे काम पाहणाऱ्या माणसाला वकील म्हणत. कोर्टकचेरीशी हा शब्द पुढे जोडला गेला. वकिलाचे मुख्य काम बोलणे हे होते, पण त्याहून मोठे काम लिहिणे हे होते. दरबारात कोण कोणाच्या कानाशी लागले, कोणत्या सरदाराच्या फौजेचा पगार थकला, धान्य काय भावाने विकते, कोणाची स्वारी कोठे निघणार, हे सारे मोडीत उतरवून जासुदाच्या हाती पुण्याला धाडायचे. नाशिकचे हिंगणे घराणे दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या पेशव्यांची वकिली करत होते. त्यांची पत्रे आज इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. गद्य म्हणूनही ती वाचण्याजोगी आहेत. नेमका तपशील, माणसाची पारख आणि धोक्याची चाहूल ही कादंबरीकाराची सामग्री त्यांत आहे.

या परंपरेची एक मोठी खूण जूचंद्रपासून फार लांब नाही. वसईच्या वेढ्याचा शेवट मे १७३९ मध्ये जसा तोफांनी झाला, तसा वाटाघाटींनीही झाला. चिमाजी आप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले आणि सामानसुमान हलवायला मुदत दिली. पुढे हडपसरच्या लढाईत होळकरांनी पराभव केल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच त्याने तहावर सही केली. कंपनीच्या वतीने कर्नल बॅरी क्लोज होता. तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला २६ लाखांचा मुलूख ही कलमे शाळेत शिकवली जातात. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम मात्र वेगळे आहे. कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिच्याशी मसलत केल्याशिवाय पेशव्याने अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणी करू नयेत, असे त्यात ठरले. परदरबारी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्क गेला, त्याबरोबर मराठीतून राजकारण लिहिणाऱ्या लेखणीचे कामही गेले. साताऱ्याच्या छत्रपतींसाठी रंगो बापूजी गुप्ते १८३९ नंतर तब्बल चौदा वर्षे लंडनमध्ये झगडले, तोवर दाद मागायची भाषा इंग्रजी झाली होती.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून एक मराठी माणूस देशाबाहेर गेला, आणि तोही साताऱ्याच्याच मुलखातला. आप्पासाहेब पंत यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ रोजी औंध संस्थानच्या राजघराण्यात झाला. पंत प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या काळातले. ‘प्रतिनिधी’ या शब्दातच दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्याचा अर्थ आहे, आणि आप्पासाहेबांचे सारे आयुष्य त्या अर्थाने गेले. वडील भवानराव हे चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि साहित्याचे आश्रयदाते होते. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी वेदांच्या अभ्यासाचे काम औंधला राहूनच केले. अवघ्या ७२ गावांच्या संस्थानात विद्येची अशी वर्दळ होती.

आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९३७ मध्ये परतले. पुढच्याच वर्षी औंधने राजसत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरवले. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते या कामात त्यांचे सोबती होते. दोघेही सल्ल्यासाठी सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. देशातले बहुतेक संस्थानिक गादी सांभाळण्याच्या खटपटीत असताना एक राजा आपल्या हाताने अधिकार सोडत होता, आणि त्याचा मुलगा गावोगाव पायी फिरून लोकांना तो घ्यायला शिकवत होता. हे शिकवणे सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम ऐकलेल्या गावाला स्वतःचा हिशेब स्वतः लिहायला लावणे, सावकार आणि पाटील यांच्यापुढे साध्या कुळाला बोलते करणे, यासाठी लागणारी सहनशीलता पुढे मोठमोठ्या राजधान्यांत उपयोगी पडली. आप्पासाहेबांच्या कारकिर्दीचा उगम ऑक्सफर्डमध्ये न शोधता या गावसभांत शोधावा लागतो.

याच प्रयोगातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून आणि पहाऱ्यावाचून शेती करत राहत. औंधच्या मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून पटकथा लिहिली. तिच्यावर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. औंधचा प्रयोग जगाला ठाऊक झाला तो राज्यघटनेमुळे नव्हे, या चित्रपटामुळे. फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे जात. खेतवाडीत मराठीत झालेली ती संभाषणे त्यांनी इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये ती ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. पोलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने मराठी शब्द जगापुढे नेले. सरकारी नेमणुकीवाचून केलेली ती वकिलीच होती.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी आप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त नेमले. मुक्काम नैरोबी. तेथे समाजाचे तीन थर होते. वर गोरे, मध्ये दुकानदारी आणि कारकुनी करणारे हिंदी लोक, आणि तळाशी ज्यांची जमीन होती ते आफ्रिकी. आयुक्ताने हिंदी व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकावीत आणि गव्हर्नरच्या मेजवान्यांना जावे, एवढीच वसाहत सरकारची अपेक्षा होती. आप्पासाहेबांनी जोमो केन्याटा आणि पीटर म्बियू कोइनांगे यांच्याशी मैत्री केली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून देण्यासाठी खटपट केली, आणि तेथल्या हिंदी लोकांना आफ्रिकी शेजाऱ्यांच्या बाजूने उभे राहण्यास सांगितले. त्या काळात गांधीजींच्या स्मरणार्थ हिंदी समाजाने उभारलेला निधी नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजला मिळाला. त्या कॉलेजातून पुढे नैरोबी विद्यापीठ वाढले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि केन्याटांना पकडण्यात आले. त्यांच्या बचावासाठी आलेल्या वकिलांत भारतातून दिवाण चमनलाल होते. आयुक्तांच्या वागण्याबद्दल ब्रिटिश सरकारच्या तक्रारी दिल्लीला जातच होत्या. अखेर १९५४ मध्ये आप्पासाहेबांना तेथून हलवावे लागले. यजमान सरकारची मर्जी गमावणे हे दूताचे अपयश मानले जाते. या प्रसंगी मात्र ते अपयश म्हणता येत नाही. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला आणि केन्याटा त्याचे नेते झाले. उद्याच्या यजमानाला आप्पासाहेबांनी आधीच ओळखले होते.

१९५५ ते १९६१ ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटशी असलेले भारताचे संबंध त्यांच्याकडे होते. ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत जोखमीची वर्षे. बुद्धजयंतीनिमित्त दलाई लामा १९५६ मध्ये भारतात आले. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांच्या हस्ते गंगटोकच्या तिबेटविद्या संस्थेची कोनशिला बसवण्यात आली, आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. १९५८ मध्येच नेहरू घोड्यावरून आणि पायी नथू ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा आप्पासाहेब बरोबर होते. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडावे लागले. दूत म्हणून आप्पासाहेबांनी कागदपत्रे पाठवली असतीलच. पण तिबेटने त्यांच्यातल्या साधकाला जे दिले ते १९७८ च्या ‘मंडल’ या पुस्तकात उतरले. सरहद्द, सैन्य आणि व्यापारी मार्ग यांचा हिशेब ठेवणारा अधिकारी मठांत बसून ध्यानाविषयी विचारत होता. त्यांच्या लेखनाची खास चव या दुहेरी नजरेतून येते.

पुढच्या नेमणुका इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटली येथे झाल्या. १९६७ च्या अरब–इस्रायल युद्धाच्या वेळी ते कैरोत होते. बांगलादेशाच्या युद्धाच्या काळात लंडनमध्ये उच्चायुक्त होते. ८ जानेवारी १९७२ रोजी पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान प्रथम लंडनलाच उतरले. आप्पासाहेब १९७५ मध्ये निवृत्त झाले.

‘अ मोमेंट इन टाइम’ निवृत्तीच्या आदल्या वर्षी निघाले होते. ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ १९८७ चे, तर वडिलांवरचे आणि औंधच्या प्रयोगावरचे ‘अ‍ॅन अनयूज्वल राजा’ १९८९ चे. औंधवरचे पुस्तक सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात लेखकाला कोणाचीच बाजू मांडायची नाही. भवानरावांनी स्वतःचे आत्मचरित्र मराठीत लिहिले होते. त्याच घरातली, त्याच मातीतली कहाणी मुलाने इंग्रजीत सांगितली. जगभर वावरलेल्या माणसाच्या सवयीची ती भाषा होती आणि वाचकही जगभरचा होता, हे समजण्याजोगे आहे. तरी ज्या कुळांना आणि पंचांना त्यांनी एकेकाळी मराठीत बोलते केले, त्यांच्या नातवंडांपर्यंत ती कहाणी पोहोचायला मध्ये अनुवादकाची गरज पडते.

त्याच काळातल्या एका दूताने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. केरळचे सरदार का. मा. पणिक्कर (१८९५–१९६३) हे प्राध्यापक, मुत्सद्दी आणि कादंबरीकार या तिन्ही नात्यांनी मोठे होते. ऑक्सफर्डला इतिहास शिकून त्यांनी अलीगढला अध्यापन केले, वृत्तपत्रे चालवली, बिकानेरचे दिवाणपद सांभाळले. १९४८ मध्ये ते चीनला राजदूत म्हणून गेले आणि च्यांग कै-शेक यांचा आणि माओंचा असे दोन्ही चीन त्यांनी पाहिले. ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला चौ एन-लाय यांनी त्यांना मध्यरात्री बोलावून घेतले आणि अमेरिकी फौजांनी कोरियात ३८ वा अक्षांश ओलांडला तर चीन गप्प बसणार नाही, असे बजावले. तो इशारा त्यांनी पोहोचवला, पण पाश्चात्त्यांनी तो मनावर घेतला नाही. पुढे ते राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य झाले. त्या आयोगाने गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पणिक्करांचे नाव मराठी माणसाला गोड वाटले नाही. अखेरच्या वर्षांत ते पुन्हा विद्यापीठाकडे वळले आणि म्हैसूरचे कुलगुरू असतानाच वारले.

तरी वसईकरांना पणिक्कर जवळचे वाटावेत असे एक कारण आहे. वास्को द गामापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा आशियाचा इतिहास त्यांनी समुद्रावरच्या सत्तेच्या अंगाने मांडला. मलबार आणि पोर्तुगीज हा त्यांच्या अभ्यासाचा पहिल्यापासूनचा विषय. वसईच्या तटबंदीचा अर्थ त्या मांडणीतून अधिक स्पष्ट होतो. किल्ला जमिनीवर होता, त्याचा जीव समुद्रात होता. हा सारा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. कादंबऱ्या मात्र मल्याळममध्ये लिहिल्या. पळशी राजावरची ‘केरळसिंहम्’ त्यांची सर्वांत गाजलेली. झाशीच्या राणीच्या मुखातून सांगितलेली एक कादंबरीही त्यांनी लिहिली, म्हणजे एका मराठी मुलीचे मन मल्याळममध्ये बोलते केले. जगाला सांगायचे ते इंग्रजीत आणि घरच्यांना सांगायचे ते मातृभाषेत, ही वाटणी त्यांनी आयुष्यभर पाळली. १९५६ मध्ये केरळ साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामागे ही निष्ठा होती.

मराठीत अशी वाटणी करणारा ठळक लेखक परराष्ट्र खात्यात नव्हता, विद्यापीठात होता. गो. पु. देशपांडे यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवला, तो इंग्रजीत. पण १९७४ च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’पासूनची नाटके मराठीत लिहिली. राजकारण म्हणजे माणसांमधली बोलणी, हे त्यांच्या रंगभूमीने दाखवले. त्याआधी रँग्लर र. पु. परांजपे यांचा प्रवास उलट दिशेने झाला होता. फर्ग्युसनचे प्राचार्य आणि लखनौचे कुलगुरू राहिल्यावर १९४४ ते १९४७ ते ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. आत्मचरित्र त्यांनीही इंग्रजीत लिहिले.

वकिलाची लेखणी मराठीत परतली ती बऱ्याच उशिरा. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले आणि टोकियो, मॉस्को, दमास्कस, माले, न्यूयॉर्क अशा ठिकाणी राहिले. ‘माती, पंख आणि आकाश’ हे आत्मकथन आणि कविता त्यांनी मराठीत लिहिल्या. टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे २०१७ पासून उघडली, त्या कामाची धुराही त्यांच्याकडे होती. परदेश म्हणजे काय, हे त्यांच्या पुस्तकातून खेड्यातल्या मुलांना त्यांच्याच भाषेत कळते. आगरी, कोळी, सामवेदी, वाडवळी अशा बोली ज्या वसई तालुक्यात एकमेकींच्या शेजारी नांदतात, तेथील मुलांना एका बोलीतून दुसरीत जाण्याचा सराव उपजतच असतो. दूताच्या आणि कादंबरीकाराच्या कामाची ती पहिली इयत्ता आहे.

आप्पासाहेब पंत ऑक्टोबर १९९२ मध्ये वारले. हिंगण्यांचे दप्तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मोडीतून वाचून छापले. आप्पासाहेबांचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या संग्रहात आहेत. नैरोबी आणि गंगटोकच्या त्या वर्षांवर मराठी कादंबरी लिहायची असेल, तर तिची सामग्री तेथे आहे.