पगारी रजा आणि जवळचा मुलूख



युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही प्रवासावर बोलणार आहोत. हा विषय आम्हांला परका नाही. प्रवासाला आधी रजा लागते, आणि रजा कुणी दान म्हणून दिलेली नाही. ती मागून, भांडून घ्यावी लागली.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी कामगारांच्या पदरात पडली. १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांनी मोठे संप केले आणि दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला.

हा हक्क आपण वापरतो कसा? आपल्या भागातली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. त्यांची रजा भाताच्या लावणीत, घर शाकारण्यात, लग्नकार्यात संपे. त्यात गैर काही नाही. पण ती विश्रांती नव्हे. ती दुसरी पाळी झाली. बायकांना तर रजेतही चूल सुटली नाही.

कुणी म्हणेल, प्रवास हा पैसेवाल्यांचा शौक. आम्ही कुठून खर्च करावा? त्यावर आमचे सांगणे एवढेच, की काखेत कळसा असताना गावाला वळसा घालू नका.

आपली हिरण्यकेशीच घ्या. रामतीर्थावर खडकांतून उड्या घेणारे तिचे पाणी आपण लहानपणापासून पाहतो. पण ती उगम पावते आंबोलीला, हे ठाऊक असूनही तिथवर गेलेले किती? तिथे वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. उगमाच्या देवळाजवळच्या पाण्यात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२० साली तिला आपल्या नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. जगात नाव झालेला हा मासा आपल्या शेजारचा!

घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात, तर शिरोडे लागते. तिथल्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. मग ते कोल्हापूरकर झाले. पुढे मालवण. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाचे काम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केले. २०२५ साली पन्हाळ्यासह तो जागतिक वारसा यादीत गेला. मात्र पावसाळ्यात तिकडे होड्या चालत नाहीत, तेव्हा जायचे ते दिवाळीनंतर.

एस.टी.ने २०२२ मध्ये ७५ वर्षांपुढच्या वृद्धांना प्रवास मोफत केला, २०२३ मध्ये बायकांचे तिकीट अर्धे केले. भाकरी घरची बांधून घेतली, तर खर्च फार होऊ नये. गल्लोगल्ली बायकांच्या भिशा आहेत. एक भिशी सहलीची का नसावी?

आता खरी गोष्ट. रजेचा कायदा आहे, पण तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही. आजऱ्यावरून गोव्याकडे मोटारींची रांग जाते. त्या मोटारीतल्या पाहुण्याला चहा देणारा हॉटेलातला पोऱ्या, त्याच्या खाऊच्या पुडीतला काजू सोलणारी बाई, त्याची खोली झाडणारी मोलकरीण यांची रजा कुठे आहे? किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला सुट्टीचा दिवस म्हणजे चूल न पेटण्याचा दिवस. दुसऱ्याच्या सहलीसाठी जी राबते, तिने समुद्र कधी पाहायचा?

म्हणून गावातल्या कारखानदारांना आणि हॉटेलवाल्यांना आमची विनंती आहे. वर्षातून निदान एक दिवस आपल्या माणसांना पूर्ण मजुरी देऊन सहलीला पाठवा. वाचनालयाने आणि तरुण मंडळांनी त्या दिवसाची आखणी करावी, किल्ल्याची आणि नदीची माहिती सांगणारा माणूस बरोबर द्यावा. जिथे जाल तिथे होडीवाल्याशी, खानावळवालीशी घासाघीस करताना हात जरा आखडता घ्या. तीही आपल्यासारखी कष्टाची माणसे आहेत. आणि उगमावर कचरा टाकू नका. तेच पाणी खाली आपल्या आजऱ्याला येते.

आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपल्या मर्जीचे, ही कामगारांची जुनी मागणी. त्या शेवटच्या आठ तासांत वाचन आले, गाणे आले, आणि आपला मुलूख डोळे भरून पाहणेही आले. भाकरीसाठी माणूस राबतो हे खरे. पण तो केवळ राबण्यासाठी जन्मलेला नाही.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.