मोटार सुरू होत नाही, तेव्हा

गेल्या पावसाळ्यात, ऐन मध्यरात्री, आमच्या शेजारच्या लेकीला कळा सुरू झाल्या. दारात मोटार उभी. पण ती काही सुरू होईना. एक म्हणाला पेट्रोल संपले, दुसऱ्याने प्लग काढायला घेतले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अर्ध्या तासाने कळले की दोष बॅटरीच्या जोडावर होता. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

तेव्हा पाना हाती घेण्याआधी कान द्या. किल्ली फिरवल्यावर नुसतेच ‘कट्‌-कट्‌’ वाजले आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे जोड बिघडले आहेत. दिवे लख्ख, पण इंजिन फिरतच नाही, तर स्टार्टर किंवा त्याची जोडणी पाहायला मिस्त्रीला बोलवा. इंजिन झपाट्याने फिरते पण पेट घेत नाही, तर आधी टाकीचा काटा पाहा. इंधन असेल, तर तेही काम मिस्त्रीचेच.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली, तर ती घरी साफ करता येते. किल्ली काढून घ्या. जवळ विडी-काडी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. आधी ऋण टोकाची तार सोडवा, मग धन टोकाची. हा क्रम पाळला नाही आणि धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या दातब्रशाने टोके घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, डोळेही सांभाळा. फसफसेल, घाबरू नका. सोडा गंधकाम्ल मारतो आणि कर्बवायू सुटतो. गुरुजींनी हे मुलांना जरूर दाखवावे, पण वर्गात त्यासाठी व्हिनेगर घ्यावे. मग टोके कोरडी करून आधी धन, शेवटी ऋण तार घट्ट आवळा आणि वर थोडे व्हॅसलीन लावा.

इतके करूनही गाडी बोलली नाही, तर बॅटरीच उतरली असे समजा आणि ती भारून आणा.

मंडळी, हे काम दिवसाउजेडी दहा मिनिटांचे आहे. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहत चला. अडलेली रात्र सांगून येत नाही.