राणीच्या बागेतलं जाड झाड

फेब्रुवारीत लग्नासाठी मुंबईला गेलो होतो. नातवंडांना पेंग्विन बघायचे होते, म्हणून भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. सासूबाई म्हणाल्या, "मीबी येते. मला एक झाड बघायचंय."

आमचे मामंजी गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर दोघं गावी आले, ते कायमचेच. त्याआधी लालबागच्या चाळीत एका खोलीत आठ माणसं. नवराबायकोनं दोन शब्द बोलायचे तरी कुठे? मग सुट्टीच्या दिवशी दुपारी राणीची बाग. "वाघाकडं कोण बघतंय," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही आपलं त्या जाड झाडापाशी बसायचो."

ही बाग १८६२ सालची. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, म्हणून राणीची बाग. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. आपण सगळे तिला प्राण्यांची बाग समजतो, पण आधी ती झाडांची बाग. प्राणी मागून आले. सुमारे तीन हजार झाडं आहेत, अडीचशेहून जास्त जातींची. कैलासपतीची फुलं फांदीवर नाही, थेट खोडावर येतात आणि फळं तोफगोळ्यासारखी लटकतात. ब्रह्मदेशातली उर्वशी ऐन फुलात होती. लाल-पिवळे झुबके लोंबत होते, अगदी कानातल्यासारखे.

पेंग्विनपाशी ही गर्दी! थंड काचघरात ते मजेत पोहत होते. मुलं खूश झाली. मला मात्र बाहेरच्या उन्हात त्यांचं तिथं असणं जरा विचित्रच वाटलं. असो.

तिथून आम्ही दोघी झाड शोधत फिरलो. पाट्या वाचत मी पुढे, सासूबाई काठी टेकत मागे. माझ्या मनात धाकधूक, झाड नसलंच तर? कारण २००७ च्या सुमारास या बागेचा पार कायापालट करायची योजना निघाली होती. तेव्हा मुंबईतल्या काही बायकाच पुढे झाल्या. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, हरकती घेतल्या, वर्षानुवर्षं खेटे घातले. तो मोठा आराखडा मागे पडला. मैत्रिणींनो, त्यांना कुणी पगार देत नव्हतं.

एका वळणावर सासूबाईच थांबल्या. "हेच की गं!"

गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली. हत्तीच्या पायासारखं खोड, माझ्या कवेत अर्धंही येईना. पानं झडलेली, त्यामुळे मुळंच आभाळाकडे केल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी खोडावर हात ठेवला. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. मी जरा लांब जाऊन उभी राहिले.

तुम्ही गेलात तर बुधवार टाळा, बाग बंद असते. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरा, चालत जाता येतं. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि उचलतानाच तो फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. पण आधी झाडं बघा, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर घाई करू नका.

निघताना सासूबाईंनी खाली पडलेलं कैलासपतीचं एक फूल उचललं आणि रुमालात बांधलं. एसटीत बसेपर्यंत ते काळं पडलं होतं. त्यांनी टाकलं नाही.