अन्नाची कहाणी आणि धंद्याची पत
(मंडळाच्या पनवेल येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



उपाहारगृहे व निवासगृहे चालविणाऱ्यांनी आपल्या धंद्याची ओळख लोकांस करून देताना गोष्टीचा उपयोग कसा करावा, हा विषय चिटणिसांनी मजकडे सोपविला आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची चूल या व्यवसायावर पेटते. म्हणून हा विषय घटकाभर ऐकून सोडून देण्याचा नव्हे, घरी नेऊन विचार करण्याचा आहे.

प्रथम काळाची निकड पाहू. पनवेल हे खाडीकाठचे आणि घाटाच्या वाटेवरचे गाव. १८३० साली भोर घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईहून मचव्याने येणारा प्रवासी येथे उतरून पुण्याची वाट धरू लागला. पुढे मोटारी आल्या. पळस्पे फाट्यावर पुण्याचा व गोव्याचा असे दोन रस्ते फुटतात. तेथे थांबून न्याहारी करावी, हा अनेक घरांचा परिपाठच होऊन बसला. परंतु २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि कळंबोलीहून निघालेली मोटार गावात न शिरता थेट घाटाकडे धावू लागली. आता २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या तालुक्यातील विमानतळावरून विमाने ये-जा करू लागली आहेत. उतारूंची वाण पडणार नाही. पण हा नवा उतारू आपणांस ओळखत नाही. कोठे उतरावे व कोठे जेवावे, हे तो गावात पाऊल ठेवण्यापूर्वीच हातातल्या मोबाईलवर पाहून ठरवितो. त्याने आपल्याच दारी का यावे, याला आपल्यापाशी उत्तर काय?

‘रुचकर, स्वच्छ, माफक दर’ हे उत्तर पुरत नाही. कारण ते प्रत्येक पाटीवर लिहिलेलेच असते. जे सर्वांना लागू पडते, ते कोणाचेच म्हणून लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती गोष्ट. आपल्या वाडवडिलांना हे मर्म ठाऊक होते. श्रावणातील व्रताला जसा नैवेद्य, तशी कहाणीही असते. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो खरा. पण श्रोते घरी घेऊन जातात ते उत्तररंगातील आख्यान.

शेजारच्या कर्जतचेच उदाहरण घ्या. दिवाडकरांचा बटाटेवडा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. वडा तर गावोगाव मिळतो. मग कर्जतचाच का गाजला? कर्जतच्या पुढे भोर घाटाचा चढ लागतो. काही ठिकाणी तो ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. तो चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात व त्यासाठी गाडी कर्जतला थांबते. त्या थांब्यात गरम वडा खिडकीशी आला आणि प्रवासाच्या आठवणीत जाऊन बसला. या हकीकतीत कोणाची स्तुती नाही की अतिशयोक्ती नाही. घाट, इंजिन आणि भूक या तीन खऱ्या गोष्टी एकत्र आल्या, एवढेच. चांगली गोष्ट अशीच असते. ती दुसऱ्या गावाला उचलून नेता येत नाही.

आपल्या तालुक्यालाही अशी गोष्ट आहे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालावयाचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कोणी बटाटे घालतो, कोणी अंडी वा कोंबडी. वरून पुन्हा पाल्याने तोंड बंद करून मडके उपडे ठेवावयाचे आणि भोवती जाळ करावयाचा. आत पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे शिजते. परगावच्या पाहुण्याला एवढे सांगितले तरी त्याचे कुतूहल जागे होते. तेथे ‘पारंपरिक’ या विशेषणाची गरजच उरत नाही.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. गोष्ट म्हणजे थाप नव्हे. काल उघडलेल्या खानावळीवर ‘शतकाची परंपरा’ अशी पाटी लावण्याचा, नसलेल्या आजीच्या नावे मसाला खपविण्याचा मोह आज पुष्कळांना होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात दंडनीय ठरविली आहे, हे खरे. पण कायद्याहून मोठी भीती पत जाण्याची आहे. गोष्ट हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते. ‘आम्ही मसाला घरी कुटतो’ असे जो सांगतो, त्याला तो रोज कुटावा लागतो. ज्या दिवशी बाजारचे पाकीट फुटले, त्या दिवशी गोष्टही फुटली.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे १९२३ सालचे इराणी उपाहारगृह. त्याचे मालक बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकाची विचारपूस करीत आणि आपल्या आयुष्यातील हकीकती सांगत. बेरी पुलाव खाण्यास आलेला माणूस त्यांना ऐकून जाई. त्यांची गोष्ट भाड्याने आणलेली नव्हती. २०१९ साली ते निवर्तले. सांगणारा गेला की त्याच्या तोंडून ऐकणे संपते. आपल्या घरांतही हेच चालले आहे. पहिली भट्टी कोणी लावली, भांडवल कोणी दिले, पहिल्या पावसाळ्यात काय विकले, हे ठाऊक असलेली माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून माझी सूचना सोपी आहे. तरुणांनी प्रथम वडीलधाऱ्यांपाशी बसून वही भरावी. जुनी पावती, परवाना, छायाचित्र यांवरून सन ताडून पाहावा. मग एका वेळी एकच पदार्थ वा एकच प्रसंग निवडावा. तो भोजनपत्रिकेवर चार ओळींत छापावा, मोबाईलवर मिनिटभराच्या चित्रफितीत दाखवावा. चित्र आपल्याच स्वयंपाकघराचे असावे आणि त्यात आचारी व वाढपी यांचेही मुख दिसावे. मात्र त्यांची संमती घेऊन. कोणाचे दारिद्र्य वा दुःख गिऱ्हाईक ओढण्यासाठी मांडू नये. निवासगृहवाल्यांनी कर्नाळ्याचे पक्षी, शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव, यांची माहिती पाहुण्यास द्यावी. कारण गावाची गोष्ट ही सर्वांची सामाईक ठेव आहे. आणि कोणी तक्रार लिहिली तर वाद न घालता सभ्य उत्तर द्यावे. तेही आपल्या गोष्टीतलेच एक पान असते.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक व्यावसायिक कुटुंबाने आपली खरी हकीकत एक पानभर लिहून द्यावी, अशी माझी विनंती आहे. धंदा मुलांच्या हाती देताना दुकानाच्या किल्ल्यांबरोबर ते पानही द्यावे.